डेल्बर्टची बादली

२ मार्च, शनिवार

शी! शिसारी आली आज. खडीच्या खाणीत आमची नेमबाजी झाली आणि डेल्बर्टने आपल्या उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या सरळ बादलीत ओतल्या. पाच कंपन्यांचा माल एकत्र — फौजी, स्वस्तातला, चांगला, सगळ्याचा काला! वर म्हणतो, पत्र्याचे डबेच तर पाडायचेत, हरणामागे थोडंच जायचंय? परत भरताना दारू बेताची घातली की झालं म्हणे.

मी एकतीस वर्षं टपाल निवडलं. एक पत्र चुकीच्या खणात गेलं नाही. माझ्या पुंगळ्या बुडावरचं नाव वाचून सहा वेगळ्या कॉफीच्या डब्यांत जातात. ते डबे त्याच्याच गॅरेजात फळीवर असतात, आणि खाली ही बादली. बघवत नाही.

३ मार्च, रविवार

चर्चमध्येही ती बादलीच डोळ्यांपुढे.

९ मार्च, शनिवार

हद्द झाली! त्याच्या गॅरेजात काडतुसं भरायला बसले होते. पुंगळीच्या बुडात ठिणगीची टोपी बसवायला यंत्राचा दांडा दाबला तर टोपी चेपली. पुंगळी दिव्याखाली धरून बराच वेळ बघितली (त्या गॅरेजातला दिवा म्हणजे पणतीच) — फौजी! त्यांच्या बुडाला टोपीच्या खाचेभोवती कड दाबलेली असते, ती आधी खरवडावी लागते. ही माझ्या निवडलेल्या डब्यात कशी? पुढे अजून दोन टोप्या चेपल्या.

तोंडावर सांगितलं, तू घाण केलीस माझ्या डब्यांत. शिंकत बसला होता. बायकोकडे, मॅक्सीनकडे, एकदा बघितलं आणि म्हणाला, "असेल. माझ्याच हातून गेली असेल."

बस्स, एवढंच! लाज नाही, काही नाही. एकोणीस वर्षं दर शनिवारी मी ह्या माणसाशेजारी बसले! मॅक्सीनने राजम्याचं कालवण आणि दालचिनीचे रोल पुढे केले, मी शिवले नाही. डबे उचलले आणि घरी आले. परत त्या दारात पाऊल टाकायचं नाही.

१४ मार्च, गुरुवार

खिडकीत बसून सगळ्या पुंगळ्या नव्याने निवडल्या. तीन दिवस गेले. ह्या कंपन्याही हल्ली नावं किती बारीक ठोकतात, आळशी मेले! डबे माझ्या नवऱ्याच्या, अ‍ॅन्सेलच्या, लोखंडी कपाटात ठेवले. किल्ली माझ्या गळ्यात. आता येऊ दे कोण हात लावतो ते.

१६ मार्च, शनिवार

गेले नाही. नवरा गेल्यापासून शनिवारीच काय ती माणसांत बसायचे. आज दिवसभर फ्रिजची घरघर ऐकली. असो.

दुपारी अ‍ॅन्सेलचा टोप्या बसवायचा जुना हातचिमटा काढला. तिसरीच टोपी चेपली. बुडावर बोट फिरवलं — दाबलेली कड. फौजी! कुलपातल्या डब्यातून! म्हणजे त्याने माझ्या कपाटाची दुसरी किल्ली करून घेतली. इतका नीच असेल असं वाटलं नव्हतं.

१७ मार्च, रविवार

चर्चच्या पायऱ्यांवर मॅक्सीनला गाठलं. नवऱ्याकडून माझी किल्ली घेऊन ये म्हटलं. ती म्हणाली, "कसली किल्ली? त्याने शपथ घातलीय, तरी सांगते. दोन वर्षं झाली, दर रविवारी तो भिंग घेऊन तुझे डबे परत निवडतो. त्या आठवड्यात सर्दीने पडून होता म्हणून राहिलं. तुझं झाल्यावर स्वतःच्या निवडायला त्याच्यात त्राण नसतं, म्हणून ती बादली."

घरी येऊन कोट न काढता बसून राहिले. मग सहाही डबे घेऊन गेले आणि त्याच्यासमोर बादलीत ओतले. त्याने विचारलं, ह्यात फौजी किती असतील?

म्हटलं, "तूच बघ. मला दिसत नाही."