पानात टाकायचं नाही

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार

आलो एकदाचे गुडगावात! सामानाचा ट्रक ठाण्याहून यायला आठवडा लागला आणि लोणच्याची बरणी फुटली ती नेमकी दिलीपच्या नव्या सुटावर. तरी माझा आनंद तसूभरही कमी झालेला नाही. तीन खोल्या, दोन बाल्कन्या, आणि समोर चक्क मोहरीचं शेत, त्यात मोर. शेताच्या पलीकडे नव्या इमारतींचे सांगाडे उभे आहेत. पाणी टँकरचं, आणि वीज तिची मर्जी असेल तेव्हा. दिलीप म्हणतो, दहा वर्षांनी इथे उभं राहायला जागा मिळणार नाही. आमचे यजमान आशावादी आहेत, म्हणून तर ठाण्यातली नोकरी सोडून इथे आले.

मयुराने दुपारी अर्धा वरणभात टाकला. सात वर्षांची घोडी झाली, पण नाक मुरडायची खोड जात नाही. मी तिला ताटावरून उठू दिलं नाही. माझ्या आईने आम्हाला कधी उठू दिलं नव्हतं. आमच्या घरात देवधर्म बेताचाच. पानात टाकायचं नाही, हा काय तो धर्म.

२० नोव्हेंबर, बुधवार

माझ्या नोकरीचा पहिला दिवस. काम बिस्किट कंपनीच्या प्रयोगशाळेत, स्टार्चचं. मक्यातून निघालेलं पांढरंशुभ्र सत्त्व, कॉर्नफ्लोअरचं सख्खं भावंड. ते शिजवायचं, गार करायचं, पुन्हा शिजवायचं, पुन्हा गार करायचं. शिळा भात टणक होतो ना, तसं ते होतं, आणि मग पोटात पचतच नाही. कोंड्यासारखं नुसतं पुढे सरकतं. जिभेला मैदा, पोटाला कोंडा! आमचे खुरानासाहेब म्हणतात, लोगों के पास अब पैसा है, पेट भी है. त्यांना असं बिस्किट हवंय की पोट भरेल आणि सुटणार नाही.

सोबतीला हेमलता आहे. जन्म दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमधला, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीचा रस्ता धरते. आज तिने मला चव घ्यायच्या टेबलावर बसवलं. नमुना क्रमांक अकरा, त्याची छोटी धिरडी. चावायचं, चव लिहायची आणि स्टीलच्या भांड्यात थुंकून चूळ भरायची. निगलना नहीं हं यार, बिल्कुल नाही, असं तिने बजावलं. उंदरांवरच्या चाचणीचा निकाल अजून आलेला नाही म्हणे.

मला थुंकता येईना. तोंडातला घास थुंकायचा? माझा हात तोंडाशी गेला आणि घास पोटात. सगळ्यांच्या देखत नुसतं पाणी थुंकले. उरलेल्या पिठाची पिशवी ते लोक मोरीत ओतणार होते, ती मी पर्समध्ये घातली. मक्याचंच तर आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

नमुना अकराची थालीपिठं केली. कडा अशा कुरकुरीत, की भाजणीने झक मारावी. आणि चमत्कार म्हणजे मयुराने ताट चाटूनपुसून लख्ख केलं, वर आणखी मागितलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दिलीपनेही चार खाल्ली आणि तासाभरात स्वयंपाकघरात डबे धुंडाळताना सापडला. मी हसले. आधी पोटोबा, मग विठोबा.

आता रोज थोडं थोडं घरी आणते आहे. टाकूनच तर देतात.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

उंदरांचा निकाल आला. निकाल कसला, हेमलताने मला पिंजऱ्यांपाशीच नेलं. वाट्या खाण्याने भरलेल्या, आणि पिंजऱ्यात केस, शेपट्या, दातांनी सोललेल्या कवट्या. भरल्या वाटीशेजारी त्यांनी एकमेकांना फाडून खाल्लं होतं. प्रत्येक पिंजऱ्यात एकच उरलाय. तोही आधी स्वतःचा पाय कुरतडत होता. खुरानासाहेबांनी कारण लिहायला सांगितलं, जागेची दाटी. हेमलता रडायला लागली.

मला रडू आलं नाही. मला भूक लागली होती. ते बघताना मला भूक लागली होती, हे मी इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे सांगणार?

घरी येऊन डब्यातलं उरलेलं सगळं काढलं. आता कणभरही कुणाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही. पण कचऱ्यात टाकवेना. खालच्या कुत्र्यांना त्याच्या पोळ्या करून घातल्या.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी धुक्यात आरडाओरडा. गेटवर दूधवाल्याच्या म्हशीचं रेडकू कुत्र्यांनी पाडलं. माझ्याच कुत्र्यांनी. पोट फाडलं, तोंडं घातली, आणि सोडून दिलं. मग ती एकमेकांवर तुटून पडली. चौकीदार रामफल काठी घेऊन मध्ये गेला, तर त्याच्या पोटरीचं मांस लोंबत होतं. तेही त्यांनी खाल्लं नाही. त्यांना एकमेकांचंच हवं होतं. पिवळीने काळ्याचा गळा फोडला आणि आतडी ओढत शेताकडे नेली. बाकीची चार पळाली.

मयुरा बाल्कनीत उभी होती. डोळ्यांवर हात घे म्हटलं, तर तिने घेतला नाही. गिळत होती नुसती.

३ डिसेंबर, मंगळवार

शाळेतून फोन. मयुराने शेजारच्या मुलीच्या गालाचा लचका तोडला. चावून थुंकली म्हणे, आणि म्हणाली, हे नको.

डॉक्टरांनी तपासलं. पोट भरलेलं आहे, जंत असतील, म्हणाले. दिलीपने दोन किलो मटण आणलं. आम्ही कधी आणत नाही. तिघांनीही कच्चंच तोंडात घातलं आणि तिघांनीही बाहेर काढलं. मी थुंकले. आयुष्यात पहिल्यांदा.

४ डिसेंबर, बुधवार

हेमलताला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, उंदरांनाही मटण, अंडी, सगळं देऊन पाहिलं होतं. शिवले नाहीत. आपल्याच पिंजऱ्यातलं लागायचं त्यांना, ज्याने तेच खाल्लंय त्याचं. आणि प्रत्येक पिंजऱ्यात जो शेवटी उरला, तो आता ठणठणीत आहे. काकडी खातो, हातावर बसतो.

औषध विचारलं. सुखदा, औषध वही है, म्हणाली आणि फोन ठेवला.

खाली पिवळी उन्हात लोळत पडली आहे. तिने पोळी खाल्ली. साधी, कणकेची.

आपल्याच पिंजऱ्यातलं. आमच्या पिंजऱ्यात तिघं.

५ डिसेंबर, गुरुवार

दिलीप ऑफिसला गेला नाही. जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःचा दंड चावत होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला म्हणाला, मला बांध. दोरी आणायला वळले तेवढ्यात तो मयुराच्या खोलीत —

तिच्या खांद्याला दात लागले होते. मी वरवंटा घातला. पाठीत, मग हातावर, मग तोंडावर. दात फरशीवर सांडले. तरी सोडेना. आणखी एक घातला. माझा दिलीप. मग एकदम सोडून दिलं त्याने, माझ्याकडे ओळखीचं बघितलं आणि दार उघडून जिना उतरून पळाला. आमच्यापासून लांब पळाला. तेवढं त्याने केलं.

खाली ती चार कुत्री होती. मी बाल्कनीतून —

त्यांनी काहीच टाकलं नाही.

५ डिसेंबर, दुपार

चारही कुत्री उन्हात झोपली आहेत. दूधवाला आला तर शेपट्या हलवल्या.

म्हणजे खरंय. तेच खाल्लेल्याला खाल्लं की भूक मिटते.

मयुरा न्हाणीघरात. बाहेरून कडी. दार कुरतडते आहे. मधूनच गोड आवाजात हाक मारते. मला तिच्या जखमेचा वास येतो, दारातून, आणि तोंडाला पाणी — मी, आई —

दोघींतली एकच उरणार. दोनदा उठले. दोनदा कडीला हात लावला. उघडायला नाही. खायला.

६ डिसेंबर

हेमलताला सांगितलंय, उद्या ये. आज नको. कुणी हाक मारली तरी आज नको. उद्या मुलीला आंघोळ घाल, वरणभात घाल. खाईल.

दिलीपच्या पट्ट्याने पाय खिडकीच्या गजाला बांधले. पट्ट्याला कुलूप. किल्ली खाली फेकली. माझ्यावर भरवसा नाही मला. कडीला दोरी बांधली आहे, इथून ओढली की उघडेल. डावा हात तिच्या बाजूला ठेवलाय. उजवा लिहायला.

भीती वाटते. खूप. पण लेकराला उपाशी —

ओढली.

उभी आहे दारात. आई, भूक, म्हणते. ओठ रक्ताळलेत. किती वाळली गं.

ये. बस. मांडी घालून.

हळू. हळू बाळा, ठसका —

हात गेला. दुखतंय. दुखू दे. खाते आहे. नाक मुरडत नाही, बघ ना दिलीप, नाक नाही मुरडत —

सावकाश. सगळं तुझंच आहे. पानात टाकायचं नाही हं, मयुरा, सगळं सं