पाण्याकडची जागा

४ मे, गुरुवार

तंबू तीनदा पडला. चौथ्यांदा उभा राहिला तो नवऱ्याच्या कर्तृत्वाने नाही, ठमी जागेवरून उठली म्हणून. अर्धा तास शोधत होतो त्या खुंट्यांच्या पिशवीवर बाईसाहेब बसल्या होत्या. काखेत कळसा! अडीच वर्षांची पोर आणि तीन महिन्यांचं बाळ घेऊन तंबूत राहायला येणं म्हणजे हौसेने नाकी नऊ आणून घेणं. पण हवापालट झाला की दूध वाढेल असं सासूबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याची रजा मंजूर झालेली होती.

आधी झाडाखालची जागा मिळाली होती. रखवालदार काकांनी बाळाला पाहिलं आणि बदलून दिली. "पाण्याकडची घ्या, ताई. बाळवाल्यांना आम्ही तीच देतो. तिथे बाळं रडत नाहीत." नवरा खूश — तळं दारात!

ताणकाटा आणलाय. टॉवेलची झोळी करायची, हुकाला अडकवायची. नवरा हसला, "भाजी आहे का ती?" हसू दे. पोस्टात पार्सल खिडकीवर नऊ वर्षं काढलीत मी, हातात घेतलं की वजन सांगते. बारकू चार किलो शंभर. तीन आठवडे तेवढाच. नर्सबाई स्पष्टच म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारपर्यंत काटा हलला नाही, तर ॲडमिट करायचं."

घरात कोणाला सांगितलेलं नाही ते इथे लिहिते. माझं दूध जवळजवळ आटलं आहे.

५ मे, शुक्रवार

चार किलो शंभर. दुधाची तहान ताकावर भागवतात म्हणे — आमचं पोर ताकालाही शिवत नाही! बाटली तोंडाला लावली की थुंकतं. दिवसभर रडला. तिथे बाळं रडत नाहीत म्हणे!

६ मे, शनिवार

हे नीट लिहून ठेवते, उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

दुपारी नवरा ठमीला घेऊन नळावर भांडी घासायला गेला. बाळ आत झोपलेलं, तंबूची चेन लावलेली. मी बाहेर खुर्चीत, तंबूकडे पाठ. डोळा लागला असेल वीसएक मिनिटं. जाग आली तर कसलाच आवाज नाही. पाखरंसुद्धा गप्प.

चेन उघडून आत गेले. बारकू जागा. शांत. ओठाच्या कोपऱ्यात दूध. त्याला खांद्यावर घेतलं आणि त्याने ढेकर दिला! चांगला मोठा, पोटभर जेवल्याचा. सकाळी सहानंतर मी पाजलं नव्हतं. सहाला पाजलं तेही नावालाच.

नवऱ्याला विचारलं. "तूच पाजलं असशील झोपेत. हल्ली तुझ्या कुठे काही लक्षात राहतं!"

राहतं. सगळं राहतं.

७ मे, रविवार

चार किलो दोनशे. साखरेचा न फोडलेला पुडा अडकवून काटा तपासला — बरोबर एक किलो. पुन्हा बाळ. दोनशे! नवरा नाचला, लगेच सासूबाईंना फोन. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" — त्यांचा आवाज मला चार पावलांवर ऐकू आला. शाबासकी माझ्या वाट्याला आली. मी ती घेतली.

दुपारी पुन्हा. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते, दहा पावलांवर. ठमी तंबूच्या जाळीला नाक लावून उभी.

"काय बघतेस गं?"

"काकू."

तिला सगळ्या बायका काकू, शाम्पूच्या बाटलीवरचीसुद्धा. हसतच विचारलं, "काय करते काकू?"

"बाळाला दुदू."

धावले. आत बाळाशिवाय कोणी नाही. चटईवर मात्र ओला डाग — कोणी मांडी घालून बसावं एवढा. हात लावला. गार. बाळाचं दुपटं नाकाशी धरलं. दुधाचा वास होता, पण माझ्या दुधाचा नव्हे.

भीती वाटली. पण त्याआधी वाटला तो मत्सर. वहीत खोटं कशाला लिहू?

८ मे, सोमवार

दुपारभर आत बसून राहिले. बाळ मांडीवर, चेन बंद, डोळे सताड उघडे. कोणी आलं नाही. दोन वाजता बारकू उठला आणि जो रडायला लागला तो दिवस मावळेपर्यंत. माझं घेईना. मुठींनी मारत होता. एवढ्याशा मुठी, पण लागतात!

नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. दूध आटल्याचंही. तो म्हणाला, "काकूचं राहू दे. तू एकटीने हे का सोसलंस? उद्या निघू, थेट दवाखान्यात." किती चांगला आहे! त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

९ मे, मंगळवार

चार किलो दीडशे. परवापेक्षा पन्नास ग्रॅम कमी.

नवरा सामान आवरत होता तेवढ्यात काकांना फाटकापाशी गाठलं. "इथे कधी कोणी बाई बुडाली होती का?"

ते दुखावलेच. "छे! इतक्या वर्षांत एक माणूस बुडालेला नाही, ताई."

"मग ती कोण?"

"ते आम्ही विचारत नाही. बाळं अंग धरतात, माणसं हसत घरी जातात. आईने बघत बसायचं नाही, एवढंच."

"आणि घरी गेल्यावर?"

त्यांनी फाटकाची कडी उगाच लावली, काढली. "काही बाळं मग दुसऱ्या कोणाचं घेत नाहीत. पलीकडे कडेला तंबू आहे ना, त्यांचं तसंच झालं. पाच दिवसांसाठी आले होते. आता सहावं वर्ष."

त्या तंबूसमोर एक मुलगी दगड रचत होती. गोबरे गाल, ठणठणीत. आई खुर्चीत बसली होती, पोरीकडे पाठ करून.

परत आले. गाडी भरून तयार, फक्त तंबू काढायचा राहिला आहे. दवाखाना तीन तासांवर. बारकू आता रडतही नाही. नुसतं तोंड उघडतो, मिटतो.

९ मे, दुपारी दोन

नवऱ्याला आणि ठमीला पेट्रोल भरायला पाठवलं. बाळाला चटईवर ठेवलं. चेन पूर्ण उघडली, बाहेर येऊन पाठ करून बसले आणि मोठ्याने म्हणाले, "या."