भूरियाच्या न झालेल्या विक्रीची हकीकत

तीर्थस्वरूप धापूजीजीच्या पायांवर धाकट्या भावाचा, खंगाराचा माथा. आम्ही सगळे सुखरूप. तुझे गुडघे कसे आहेत? (ठीक आहेत असं कळवू नकोस. तुमच्याकडचा बांगडीवाला आमच्याकडेही येतो, आणि त्याला खोटं बोलता येत नाही.)

"माझ्याच्यानं आता चारणं होत नाही, भूरियाला तिलवाड्याच्या जत्रेत वीक," असं तू म्हणालीस, म्हणून मी उंटाला लुणी नदीच्या कोरड्या पात्रात, जत्रा भरते तिथं नेऊन उभा केला. अंगावरचे केस कातरून वेलबुट्टी काढली, गळ्यात घुंगरं बांधली. तो अगदी नवरदेव दिसत होता, आणि मी वऱ्हाडाचं सामान वाहणारा गडी.

रामसीनचा एक जाडा व्यापारी आला. त्यानं दात पाहिले, छाती चाचपली आणि म्हणाला, "बसवून दाखवा." आता सगळ्या मारवाडात 'झे झे' म्हटलं की उंट बसतो. तुझा बसत नाही, कारण आईविना राहिलेलं ते पिल्लू तू शेळीच्या दुधावर वाढवलंस आणि अंगाई म्हणून बसायला शिकवलंस. मी झे झे केलं, दोरी ओढली, शेवटी हात जोडले. तो आभाळाकडे बघत रवंथ करत राहिला. "काका, हा उंट आहे की तुमचा जावई?" व्यापारी म्हणाला. सगळी माणसं हसली. मग मी तुझ्या भावजयीची, हरकूची ओढणी फेट्यावरून घेतली आणि (कुणापाशी बोलू नकोस) या एवढ्या मिशांतून तुझ्या आवाजात अंगाई म्हटली. भूरिया बसला. नुसता बसला नाही, माझ्या मांडीवर मान टाकून ओढणीत तुला शोधायला लागला. मला रडू आलं, जीजी. हा गेला की त्या घरात तू अगदी एकटी, हे मला तिथं वाळूत बसल्यावर कळलं.

व्यापाऱ्याला मात्र तो फारच आवडला. "अंगाई शिकेल माझी बायको," म्हणाला. सौदा ठरला. आपली दोरी काढून घ्यायची आणि गिऱ्हाइकानं त्याची बांधायची, तेवढी रीत उरली होती. पण बकरीच्या केसांची तू वळलेली ती दोरी, तिची गाठ काही केल्या सुटेना. नखं झाली, दात झाले. त्यानं सुरी काढली, तर मी म्हटलं, "आम्हा उंटपाळ रायक्यांत बहिणीची दोरी कापत नाहीत." (अशी काही रीत नाही, पण तो रायका नव्हता.) ऊन उतरेपर्यंत वाट बघून तो दुसरा उंट घेऊन गेला.

तर भूरिया सध्या आमच्या वस्तीवर, ढाणीत आहे. तुझं काम झालं नाही, राग धरू नकोस.

तुझा खंगारा

ता. क. गाठ पहिल्याच झटक्याला सुटली होती. मी ती मुठीत दाबून धरली होती.

ता. क. आणखी एक. भावाच्या घरी कायमचं राहायचं नाही, हा तुझा हट्ट जिजाजी गेल्यापासून ऐकतो आहे. तू आमच्याकडे राहू नकोस, भूरियाकडे राहा. त्यानं आमच्या दारातच ठाण मांडलं आहे. तुझ्याशिवाय उठत नाही, चाऱ्याला तोंड लावत नाही.

ता. क. हरकूच्या हातचा. बाईसा, पाया पडते. उंट छान उठतो, चरतो, काल माझा नवा झाडूही खाल्ला. जत्रेहून आल्यापासून धड जेवत नाहीत ते तुमचे भाऊ. संध्याकाळी तुमच्या वाटेकडे तोंड करून दारात बसतात, हाका मारल्या तरी हलत नाहीत. त्यांना उठवायला तुम्हीच या.