जॉर्जटाउनची हवा

श्रूजबरी, अमेरिका,
रविवार सकाळ

अहो,

तुम्हाला नावानं कधी हाक मारली नाही, आता कागदावर तरी कशी मारू? लिहायला बसलेय, कारण आत्ताच रत्नागिरीला फोन झाला आणि तुमच्या आई म्हणाल्या, "अगो, बॅग भरायला घेतलीय मी. जाते त्याच्याकडे जॉर्जटाउनला."

तुमच्याकडे! तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं आणि आईंना अजून कुणी सांगितलेलं नाही.

हा भाऊजींचा हट्ट. "वहिनी, तिचं हार्ट वीक आहे. आत्ता नको." दर फोनला त्यांचं तेच. मग मी सांगत राहिले की गयानातलं काम लांबलंय, तिथून भारतात फोन लागत नाही. आणि आई विचारत राहिल्या, गाव कसं आहे? हवा मानवते का त्याला?

काय सांगणार होते? ते शहर मी पाहिलं ते तुम्हाला पोचवायला गेले तेव्हाच. म्हणून जे पाहिलं तेच सांगितलं. रस्त्यांमधून कालवे आहेत, कालव्यांत कमळाची पानं. पांढरी लाकडी घरं, खांबांवर उभी. भरतीला समुद्र गावापेक्षा उंच चढतो, म्हणून किनाऱ्याला लांबच लांब भिंत. पावसाळा वर्षातून दोनदा. माणसं सगळी किनाऱ्यालगत, आत नुसतं जंगल. उकाडा कोकणासारखाच, पण समुद्रावरून वारा येतो.

तो वारा कसा येतो ते मला ठाऊक आहे. तुमची चिता पेटत नव्हती.

चिता किनाऱ्यावरच, म्हणून ओहोटी बघून तिथल्या लोकांनी वेळ ठरवली होती. त्यांचे पणजोबा भारतातून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आलेले. यांना आता ना मराठी येत होतं, ना हिंदी, पण लाकडं त्यांनीच रचली. एक बाई मला धरून म्हणत होती, "वेट, सिस्टर, द विंड विल ड्रॉप." मग आपल्या निखिलनं अग्नी दिला. जवळच भरतीचं पाणी अडवणारे ते दरवाजे होते, ज्यांच्या दुरुस्तीला कंपनीनं तुम्हाला धाडलं होतं.

पाण्याचं एवढं कळणाऱ्या माणसाला स्वतःचा ताप कळू नये? "थोडी कणकण आहे," म्हणालात मला फोनवर. कणकण! डॉक्टरकडे जायला काय झालं होतं तुम्हाला?

आईंना अमेरिका कधीच नको होती. तुम्ही पासपोर्ट काढून दिलात, तरी इथल्या बर्फाच्या धास्तीनं त्या आल्या नाहीत. आज म्हणतात, "तिकडे नारळ आहेत, समुद्र आहे, घाम येतो, म्हणजे आपलंच की! तुझ्या सांगण्यावरून सगळं डोळ्यापुढे उभं राहतं गो."

भाऊजींनी फोन घेतला आणि दबक्या आवाजात मलाच झापलं, "वहिनी, इतकं छान सांगायची काय गरज होती?"

अस्सा संताप आला! गप्प बसायला यांनीच सांगायचं आणि वर दोषही मलाच? निखिल शेजारी उभा होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "आई, यू हॅव टू टेल हर. ही वॉज हर सन."

कळतं हो मला. पण ऐकून त्यांना काही झालं तर? हीच भीती मलाही आहे, म्हणून तर वर्षभर तोंड शिवून बसले. आणि नाही सांगितलं, तर त्या परक्या विमानतळावर उतरून तुम्हाला शोधतील.

फोन ठेवताना त्या दर वेळी म्हणतात, "अखंड सौभाग्यवती हो." मी मोकळ्या गळ्यावर हात ठेवून म्हणते, "नमस्कार करते, आई." आजही म्हटलं.

आता पुरे. उद्याच तिकीट काढते. भाऊजींना विचारणार नाही. अशीच, या रिकाम्या कपाळानं त्यांच्या दारात उभी राहीन. आशीर्वादाला त्यांचा हात उठायच्या आत त्यांना कळलेलं असेल. मग त्या कोसळल्या, तर सावरायला मी तिथे असेन. हे माझं तुम्हाला वचन.

तुमची,
सुमन