रेफरी, रिव्ह्यू आणि माझा शांत स्वभाव

६ एप्रिल, रविवार

आजपासून शांत राहायचं. मी मुळात शांतच आहे, पण आजपासून ते लोकांना दिसेल असं राहायचं.

मोठ्या क्लबकडून हरलो. ०-१. आपला गोल व्हिडिओ बघून रद्द केला. कारण काय, तर आपल्या नऊ नंबरच्या खेळाडूच्या बुटाचं टोक ऑफसाइड होतं. टोक! उद्या नखं वाढली म्हणून गोल रद्द करतील. रेफरी पुन्हा तोच, बगळा. लांब पाय, लांब मान, आणि मोठ्या क्लबने कोणाला तुडवलं की डोळे मिटून एका पायावर उभा.

रिमोट हातातून सुटला. समोर टीव्ही होता. बायको म्हणाली, सुटलेली वस्तू खाली पडते, आडवी जात नाही. मी वाद घातला नाही. टीव्ही चालू आहे, फक्त मधोमध एक काळी उभी रेघ आली आहे. मी काचा बसवणारा माणूस, पण टीव्हीची काच आमच्या धंद्यात येत नाही.

७ एप्रिल, सोमवार

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. आपल्या क्लबात कपडे धुतो: जर्सी, मोजे, टॉवेल, सगळं. स्वतःच्या खोलीत पंखा नाही, पण क्लबच्या वॉशिंग मशीनला रोज फडक्याने पुसतो.

म्हणाला, भाऊजी, क्लब यंदा खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला तर धुलाईघर बंद करणार आहेत. मॅनेजरनी सांगितलं. मग मी कुठे जाऊ?

ही म्हणाली, कुठे म्हणजे? इथे. हॉल आहे की.

मागे आठच दिवस राहिला होता. ओले मोजे माझ्या आरशांच्या फ्रेमवर वाळत घालायचा. आणि घोरतो असा, की कपाटातल्या काचा थरथरतात. क्लब वाचलाच पाहिजे.

मी त्याला समजावलं, की रेफरी मोठ्या क्लबला सामील आहेत. तो म्हणाला, भाऊजी, मोठ्या क्लबचे खेळाडू दिवसभर समोरच्यांच्या गोलपाशीच असतात, म्हणून त्यांना जास्त पेनल्ट्या मिळतात. तुम्ही दिवसभर काचेत असता, म्हणून तुमच्या हाताला जास्त कापतं. काच काय तुमच्या विरोधात आहे का?

मी हात बघितले. आहे.

१३ एप्रिल, रविवार

मोठ्या क्लबची आज दुसऱ्या कोणाशी मॅच होती. पुरावा गोळा करायला बघणं भाग होतं. आमच्या टीव्हीवर बॉल रेघेमागे गेला की सापडत नाही, म्हणून वरच्या मजल्यावरच्या डेंटिस्टकडे गेलो. हा मोठ्या क्लबचा भक्त. मफलर घालून बसतो, घरात. तरी मी गेलो, कारण माझं मन मोठं आहे.

मोठ्या क्लबला पेनल्टी मिळाली. मी फक्त एवढंच म्हणालो, की चोर आहेत. डेंटिस्ट म्हणाला, अहो, चार माणसं बंद खोलीत बसून व्हिडिओ बघतात, मग ठरवतात. मी विचारलं, खोली बंद कशाला लागते? तो हसला. मी मुद्दा जवळून मांडावा म्हणून डोकं पुढे केलं. त्याचं नाक तिथेच होतं.

मग त्याने स्टूल उचललं. मी मफलर धरला. दोघेही टेबलावर पडलो. टेबलाची काच मीच बसवली होती. इतक्या वजनाला ती टिकायला हवी होती. कोणीतरी निकृष्ट माल दिला असणार. हिने मला कॉलरला धरून जिन्यावरून खाली आणलं. प्रत्येक पायरीवर आपटलो. समोरचा एक दात अर्धा गेला.

शांतपणे झोपलो.

१४ एप्रिल, सोमवार

दात ठणकतोय. जवळचा डेंटिस्ट एकच. गेलो.

त्याच्या नाकावर ही मोठी पट्टी. त्याने एक्स-रे काढला आणि म्हणाला, मुळापर्यंत तडा गेलाय, काढावा लागेल. मी म्हणालो, रिव्ह्यू पाहिजे. त्याने फोटो उजेडाला धरला, असिस्टंटबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, काढावाच लागेल. आता मला सांगा, असिस्टंटबाई कोणाच्या नोकरीत आहेत? हीच ती व्हिडिओ रूम!

त्याने गुडघा खुर्चीवर रोवला आणि दोन्ही हातांनी दात ओढला. इतका जोर वैद्यकीय कारणासाठी लागत नाही. माझं तोंड आपोआप मिटलं. त्याचं बोट आत होतं. बाई किंचाळल्या.

पट्ट्या आता दोन. मी सॉरी म्हणालो, पण कापसामुळे ते शिवीसारखं ऐकू आलं.

२० एप्रिल, रविवार

जिंकलो! २-१!

रेफरी नवा होता. सज्जन, तरुण, समजूतदार. आपल्याला पेनल्टी दिली. मेहुणा म्हणाला, भाऊजी, धक्का गोलपासून फार लांब लागला होता, आणि तो पण आपल्याच माणसाचा. असेल. शेवटी रेफरी माणूस आहे. माणसाच्या हातून चूक होते, त्यातच खेळाची मजा आहे. दर वेळी व्हिडिओ कशाला बघायचा?

आनंदाच्या भरात हॉलच्या खिडकीतून कोपर बाहेर गेलं. खिडकी बंद होती. हाताला टाके. काच घरचीच, सोमवारी बसवून टाकतो. ही म्हणाली, कुठल्या सोमवारी? मी म्हणालो, आनंदाच्या दिवशी असे प्रश्न विचारू नयेत.

२८ एप्रिल, सोमवार

गिऱ्हाईक नव्हतं. शास्त्रीय काम केलं. त्या रद्द गोलचा व्हिडिओ टीव्हीवर लावला, बरोबर क्षणाला थांबवला आणि दुकानातला गुण्या स्क्रीनला लावला. गेली कित्येक वर्षं याच गुण्याने लोकांच्या खिडक्यांचे काटकोन तपासतोय. एक केस इकडेतिकडे नाही.

नऊ नंबरचा बूट पुढे निघाला.

पुन्हा लावला. पुन्हा पुढे.

गुण्या खराब झाला आहे. गुडघ्यावर घेऊन वाकवायला गेलो. गुण्या लोखंडी असल्याने गुडघा वाकला. आता लंगडतोय. पण निष्कर्ष पक्का: मोठे क्लब कुठपर्यंत पोहोचले आहेत याचा लोकांना अंदाज नाही.

खिडकी राहिली.

४ मे, रविवार

मैदानावर जाऊन बघितली मॅच. हरलो. बगळाच होता. आपला बचावपटू समोरच्याच्या मांडीवर उभा राहिला, तर त्याला रेड कार्ड! उभं राहायला माणसाला जागा नको?

मी थर्मास भिरकावला. म्हणजे चहा गार झाला होता, तो टाकून द्यायचा होता. नेम बगळ्यावर होता, पण वाऱ्याने घोळ केला. टॉवेलांची थप्पी घेऊन चाललेला मेहुणा खाली बसला. पांढरे टॉवेल होते, त्यामुळे रक्त जास्त वाटलं.

डोक्याला टाके. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, भाऊजी, तुमचा नेम रेफरीवर होता हे मी सगळ्यांना सांगितलंय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि मग, हे डाग गरम पाण्याने काढू नका म्हणावं, बसतात.

ही माझ्याशी बोलत नाही. शेजारच्या खुर्चीशी बोलते, मी ऐकतो.

आता शेवटची मॅच उरली. आपल्याच मैदानावर, मोठ्या क्लबशी. बरोबरी झाली तरी वाचतो.

१० मे, शनिवार

मेहुण्याने काम आणलं. राखीव खेळाडू बसतात त्या बाकांवरचं पारदर्शक छप्पर कोणीतरी फोडलंय. (कोणीतरीच. थर्मासने असं फुटत नाही.) उद्या सकाळी नवी शीट बसवायची आणि मॅच संपेपर्यंत तिथेच थांबायचं, काही ढिलं झालं तर बघायला. मैदानाच्या अगदी कडेला! गळ्यात पास!

मॅनेजर नको म्हणत होता. मेहुण्याने माझी हमी घेतली. डोक्याला पट्टी बांधलेल्या माणसाने हमी घेतली, यावरून माझी पत कळते.

ही आज थेट माझ्याशी बोलली. म्हणाली, अहो, उद्या काही झालं तर माझ्या भावाचं काम जाईल. एवढं एकच करा. हात खिशात ठेवा.

वचन दिलं. दोन्ही हातांचं.

११ मे, रविवार, सकाळ

शीट बसवली. रबरी हातोड्याने हलके हलके ठोकून. सुंदर काम. दोन्ही बाकांच्या मधे एका खांबावर तो स्क्रीन आहे, वर टोपी घातलेला. कानात काही सांगितलं की रेफरी धावत येऊन ज्यात डोकं घालतो, तोच. इतक्या जवळून पहिल्यांदा बघितला. छोटा आहे. यंदा बगळा यात वाकला की दर वेळी आपलं नुकसान झालंय.

हात खिशात.

हाफटाइम

०-१. हात खिशात. उजव्या खिशात हातोडापण आहे, पिशवी लांब राहिली म्हणून.

संध्याकाळ, पोलीस चौकी

हवालदाराने पेन दिलं. भला माणूस. त्याला विचारलं, तुम्ही कोणत्या क्लबचे? म्हणाला, लिहा गप.

जे घडलं ते असं. शेवटची मिनिटं. अजून ०-१. आपला नऊ नंबर गोलसमोर आडवा झाला. बगळ्याने हाताने खूण केली, काही नाही, उठ. सगळं मैदान ओरडलं. मग बगळ्याने कानाला बोट लावलं, हवेत चौकोन काढला आणि धावत निघाला. स्क्रीनकडे. माझ्याकडे.

मी ओळखलं. पडण्याचं नाटक केलं म्हणून आता नऊ नंबरला बाहेर काढणार. मग ०-१ चे ०-२ होणार. धुलाईघर बंद, मेहुणा हॉलमध्ये, फ्रेमवर मोजे. हे सगळं मला एका क्षणात दिसलं. हात खिशातून बाहेर आला; हातोडा त्याच्यासोबत होता.

पहिल्या ठोक्याला टोपी उडाली. दुसऱ्याला काच आत गेली. तिसऱ्याला आतून ठिणग्या आल्या. मग मी खांबाला मिठी मारून तो उपटला आणि त्याच्यासकट बगळ्याच्या पायात पडलो. चार सुरक्षारक्षक माझ्यावर पडले. एकाचा कान माझ्या तोंडाजवळ आला होता, पण मी संयम ठेवला. तसंही समोरचा दात नाही.

त्यानंतर आपलेच लोक कठडा ओलांडून आले. मला वाटलं, उचलून घेतील. उचललं. मग आपटलं. छत्र्यांनी, बुटांनी, एकाने तर माझ्याच पिशवीतल्या पुट्टीच्या डब्याने. मला ते मोठ्या क्लबचा माणूस समजले असावेत. आपल्या लोकांत एवढा जोश आहे हे बघून बरं वाटलं.

बरगड्या दुखतात. ०-१.

१२ मे, सोमवार

मेहुणा सोडवायला आला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

चालता चालता म्हणाला, भाऊजी, बगळा मॅच संपल्यावर टॉवेल घ्यायला आला होता. म्हणाला, व्हिडिओच्या खोलीतून सांगत होते की सरळ सरळ पेनल्टी आहे, एकदा डोळ्याने बघून दे. मी द्यायलाच निघालो होतो. पण लीगचा नियम आहे, स्क्रीन बंद पडला तर मैदानावरचा पहिला निर्णय कायम.

मी म्हणालो, असले नियम कोण करतं? मोठे क्लब!

तो म्हणाला, हो भाऊजी. आणि माझ्या सदऱ्यावरचा डाग बघून म्हणाला, हा घरी गेल्यावर माझ्याकडे द्या, निघेल.

१८ मे, रविवार

क्लब घसरला. धुलाईघराला कुलूप.

माझा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. आपल्या मैदानावर इतके कॅमेरे आहेत हे मला माहीत नव्हतं. डेंटिस्टने जिन्यात गाठून मागच्या बाजूने काढलेला एक व्हिडिओ दाखवला. त्याच्या बोटाला अजून पट्टी आहे. म्हणाला, खरं सांगू का, पेनल्टीच होती हो. मोठ्या क्लबचा माणूस असं म्हणतो म्हणजे त्यात काहीतरी डाव आहे.

व्हिडिओ मी नीट अभ्यासला. एका बाजूने स्पष्ट दिसतं की स्क्रीन आधीच माझ्याकडे कलला होता. आणि मुख्य मुद्दा असा: हातोडा रबरी आहे. रबराने फुटेल असा कच्चा स्क्रीन मोठ्या क्लबच्या मैदानावर ठेवतील का? लहानांसाठी असला माल! लीगला पत्र लिहिणार आहे. आजपासून शांत राहून.

मेहुणा दुपारी एक बॅग घेऊन आला. ही त्याची गादी खिडकीखाली घालत होती. म्हणाली, तिथून वारा येतो रे. तो म्हणाला, असू दे ताई, मोजे लवकर वाळतील.

मी म्हणालो, काच सोमवारी बसवतो. दोघांनी मिळून गादी सरळ केली.

जेवताना त्याने विचारलं, भाऊजी, मी तेव्हा टॉवेल उचलत होतो, मला दिसलं नाही. तुम्ही तर अगदी जवळ होतात. खरंच पेनल्टी होती का? कसा पाडला त्याला?

घास चावायला वेळ लागला. एक दात नसला की लागतो.

कसा पाडला ते मी बघितलं नव्हतं. मी बगळ्याकडे बघत होतो. यंदाच्या एकाही मॅचमध्ये मी दुसरीकडे कुठे बघितल्याचं आठवेना.

होती म्हणालो.

त्याने मान हलवली आणि माझं ताट धुवायला नेलं.