दीड मीटरच्या आत

१ ऑक्टोबर, शनिवार
निवृत्त होऊन पाच आठवडे झाले. आराम पुरे झाला. आज ठरवलं: मागच्या दारी लाकडी डेक बांधायचा. स्वतःच्या हातांनी. इथला नाताळ भर उन्हाळ्यात. नाताळचं जेवण डेकवर.
नाश्त्याला ग्लेनिसला सांगितलं. ती म्हणाली, सेल्विन, आधी चहा तरी खाली बसून पी. म्हणजे बायकोचा पाठिंबा आहे.
तिने कालच सांगितलं की नाताळपासून ती दातांच्या दवाखान्यातली नोकरी सोडतेय. इतकी वर्षं लोकांच्या उघड्या तोंडांपुढे उभी राहिली, आता बसावंसं वाटणारच. बसायला डेक हवा. सगळं कसं जुळून आलंय.

४ ऑक्टोबर
नगर कौन्सिलचे बांधकामाचे नियम वाचले. दोनदा. तीस वर्षं लोकांच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. नियमांची पानं हातात आली की बरं वाटतं. सकाळपासून पाय शांत नव्हते, ते तेवढ्यापुरते थांबले.
डेकवरून माणूस पडला तर दीड मीटरपेक्षा जास्त खाली पडता कामा नये. एवढं सांभाळलं तर परवानगी काढावी लागत नाही. शेजाऱ्याच्या हद्दीपासून अंतर ठेवायचं. कठड्याच्या गजांमधली फट अशी, की लहान मुलाचं डोकं अडकू नये.
आमचं अंगण मागे उतरतं, पण किंचित. नजरेने मोजलं. नजर पक्की आहे.

७ ऑक्टोबर
कौन्सिलच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर रोइमाता निघाली. हिला मी समांतर पार्किंगमध्ये दोनदा नापास केलं होतं. ओळख दाखवली नाही. तिने दाखवली. हसून म्हणाली, सेल्विन, या, या. काय बांधताय?
सगळं नीट समजावून सांगितलं तिने. उंची डेकच्या कडेखाली जिथे जमीन सगळ्यात खोल आहे तिथून मोजायची, आणि लाकूड आणायच्या आधी मोजायची. म्हटलं, बघून ठेवलंय. ती म्हणाली, बघू नका, मोजा.
फार सावध मुलगी. चौकातसुद्धा अशीच थांबून राहायची.

१५ ऑक्टोबर
लाकूड आलं. ट्रकवाल्याने सगळा ढीग गॅरेजच्या दारात उतरवला. मीच तिथे उतरवायला सांगितलं होतं. ग्लेनिसची गाडी आत.
तिला नेल्सनला जायचं होतं, मुलीकडे. पिपला जानेवारीत जुळं होणार आहे. ग्लेनिस बॅग घेऊन ढिगासमोर उभी राहिली, मग बसने गेली. जाताना म्हणाली, की तिला पिपच्या जवळ राहायला आवडेल, कायमचं, आणि मी त्यावर विचार करावा.
केला. जुळ्यांसाठी डेक उत्तमच आहे. गजांमधली फट आणखी कमी ठेवीन.

२२ ऑक्टोबर
खांबांसाठी खड्डे खणायला घेतले. पहिल्याच खड्ड्यात कंबर धरली. उताराखालच्या घरातला लाफाएले कुंपणावरून उडी मारून आला. काँक्रीटचा ट्रक चालवतो. याला मी पहिल्या फटक्यात पास केलं होतं, म्हणून शेजार टिकून आहे. आज म्हणाला, त्या दिवशी धो धो पाऊस होता सेल्विन, तुला घरी जायची घाई होती.
दुपारपर्यंत त्याने बाकीचे सगळे खड्डे खणले. मी देखरेख केली. जाताना म्हणाला, दोस्ता, तो खालचा कोपरा जरा बघ. म्हटलं, बघितलाय.
नाताळच्या जेवणाला त्याच्या घरच्यांना बोलावलं. डेकवर.

३० ऑक्टोबर
पाऊस. घरात अडकलो. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून खिडकीशी. ग्लेनिस म्हणाली, पिंजऱ्यात काहीतरी ठेवल्यासारखं वाटतंय.
वेळ सत्कारणी लावला. डेक दोन्ही बाजूंनी वाढवला. कागदावर. लाकूड पुरेल.

६ नोव्हेंबर
लाकूड पुरलं नाही. आणखी मागवलं.
तुळया बसवल्या. वासे मोजत असताना ग्लेनिस दारात येऊन बराच वेळ बोलत होती. नेल्सन, फ्लॅट, आपल्याला एवढं मोठं घर कशाला, वगैरे. मग म्हणाली, तर मग बोलवू का त्या बाईला? माझा आकडा चुकत होता. हो म्हणालो. तिने पुन्हा विचारलं, नक्की? नक्की म्हणालो.
कपाटं उपसायला काढलीत तिने. डेकवरच्या खुर्च्यांसाठी जागा करत असणार. मी न सांगता.

१४ नोव्हेंबर
ती बाई आली. उंच टाचांचे बूट घालून सगळं घर फिरली, न्हाणीघरसुद्धा. गाडीच्या दारावर तिचाच हसरा फोटो आणि खाली ‘विकण्यापूर्वी मला विचारा’. काय विकते ते विचारायचं राहून गेलं. गाडी मात्र फुटपाथला अगदी चिकटून लावली होती. पास.
डेकमध्ये फार रस. हे नियमात बसतं का, विचारलं. अर्धा तास समजावलं. हे असं ऐकून घेणारं माणूस घरात नाही. तिने ग्लेनिसकडे बघितलं, ग्लेनिसने माझ्याकडे.

२० नोव्हेंबर
फळ्या ठोकून झाल्या. कठडाही जवळजवळ. मग सहज खालच्या कोपऱ्यात टेप लावून बघितली.
दीड मीटर आणि वर एक वीत.
टेप बदलून बघितली.
विचार केला. डेक खाली घेता येणार नाही, दाराच्या उंबऱ्याला जोडलाय. पण नियम डेक आणि जमीन यांच्यामधल्या अंतराचा आहे. म्हणजे जमीन वर घेतली तरी चालेल. हे कुणाला सुचलं नसतं.

२३ नोव्हेंबर
तीन दिवस हातगाडीने माती वाहतोय. कोपऱ्याखाली छान टेकाड झालं. लाफाएले कुंपणाला टेकून बघत होता. म्हणाला, डेक उतरत नाही म्हणून जमिनीला वर बोलावलंस? ऐकेल ती?
ऐकली. बरोबर दीड मीटर.

२७ नोव्हेंबर
रात्री दक्षिणेचा वारा सुटला, सोबत पाऊस. टेकाड गेलं. लाफाएलेच्या कोबीच्या वाफ्यात गेलं. कोबी दिसत नाही.
तो काही बोलला नाही. फावडं घेऊन उपसत राहिला. मी वरून सांगितलं, की चांगली माती आहे, फुकट मिळाली.

२ डिसेंबर
रोइमाता आली. कुणीतरी कौन्सिलकडे विचारणा केली म्हणे. कुणी, ते सांगता येत नाही. टेप लावली, वाकून लिहून घेतलं. कोपरा बसत नाही. एक तर तेवढा भाग कापायचा, नाहीतर परवानगीसाठी अर्ज करायचा.
स्पष्टच विचारलं, की हे पार्किंगचं उट्टं तर नाही? तिला आधी कळलंच नाही. मग हसली. म्हणाली, सेल्विन, मी आता अग्निशमन दलाचा बंब चालवते, सुट्टीच्या दिवशी. रिव्हर्समध्येसुद्धा. आणि जाताना टेप गुंडाळत म्हणाली, आज नाही जमलं, पुन्हा प्रयत्न करा.
हे माझं वाक्य आहे. तीस वर्षं मी ते म्हणत आलो. इतकं लागत असेल असं वाटलं नव्हतं.

३ डिसेंबर
विचारणा कुणी केली हे उघड आहे. ज्याचा कोबी गेला त्याने.
लाफाएलेकडे जाऊन तोंडावर सांगितलं. तो अंगणात मासे भाजत होता. मला ताट वाढायला निघाला होता, ते खाली ठेवलं. म्हणाला, माझा कोबी वाहून गेला तेव्हा मी काय बोललो? तू वरून फुकट माती म्हणालास तेव्हा काय बोललो? आणि आता ऑफिसात फोन करीन? जा सेल्विन, घरी जा.
फाटकापर्यंत सोडायला आला. मग कडी लावली. त्या फाटकाला कडी आहे हे आजवर माहीत नव्हतं.

५ डिसेंबर
कोपरा कापायला घेतला. करवत अडकली. ग्लेनिस बाहेर आली आणि कापलेल्या फळीवर बसली. म्हणाली, करवत खाली ठेव.
म्हटलं, एवढं झालं की ठेवतो.
म्हणाली, आत्ता.
ठेवली.
कौन्सिलला फोन तिने केला होता. घर विकायला काढायचं तर डेक नियमात आहे का, हे त्या बाईला नक्की हवं होतं. मी विचारलं, कुठलं घर? ती म्हणाली, हे. तुला चार वेळा सांगितलं. चारही वेळा तू काहीतरी मोजत होतास. आणि शेवटच्या वेळी हो म्हणालास. मी पुन्हा विचारलं, तेव्हा नक्की म्हणालास.
म्हटलं, डेक तर तुझ्यासाठी बांधतोय. नोकरी सोडून बसायला.
तिने मांडीवरचा भुसा झटकला. मग म्हणाली, मी बसायला नोकरी सोडत नाहीये, सेल्विन. मी पिपकडे जायला सोडतेय. वीस तारखेला निघणार. तू यावंस असं मला वाटतं. पण निवृत्त झाल्यापासून तू या घरात एकदाही माझ्यासमोर पाच मिनिटं बसला नाहीस, तेव्हा तू ठरव.
मी उभा होतो. तिच्याजवळ फळीवर जागा होती. हे नंतर लक्षात आलं.

६ डिसेंबर
काही नाही.

७ डिसेंबर
लाफाएलेकडे गेलो. माफी मागितली असं म्हणता येणार नाही. परिस्थिती स्पष्ट केली. तो म्हणाला, म्हणजे माफी मागतोयस. म्हटलं, हो.
म्हणाला, ग्लेनिस महिनाभर माझ्या बायकोपाशी येऊन बसतेय. अख्ख्या गल्लीला माहीत आहे तुम्ही चाललाय. आम्हाला वाटलं तू डेक भाव वाढवायला बांधतोयस.
मग स्वतःची करवत घेऊन आला. कोपरा संध्याकाळपर्यंत कापून झाला. डेक आता एक कान छाटल्यासारखा दिसतो. नियमात आहे.

२० डिसेंबर
ग्लेनिस गेली. पिपला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. मी पुढच्या आठवड्यात येतो म्हटलं. कठड्याचं काम अर्धं टाकून जाणं माझ्या स्वभावात नाही. ती म्हणाली, माहीत आहे.
गाडी रिव्हर्समध्ये काढताना आरशात बघितलं नाही तिने. सांगणार होतो. हात हलवला.

२५ डिसेंबर, दुपार
नाताळचं जेवण डेकवर. ठरल्याप्रमाणे.
लाफाएलेच्या घरी पाहुण्यांची गर्दी, त्यांना इकडे येणं जमलं नाही. मला तिकडे बोलावलं होतं, पण डेक रिकामा ठेवून कसं जाणार? त्याच्या बायकोने कुंपणावरून ताट दिलं. हॅम, बटाट्याची कोशिंबीर, नारळाच्या दुधातलं काहीतरी. ऊन छान, वारा जरा जास्त. कापलेल्या कोपऱ्यामुळे टेबल मावत नाही, म्हणून ताट मांडीवर. बसलो. उठलो. मीठ आणलं. बसलो. खुर्ची फिरवून ठेवली. कुठल्याही बाजूने बसलं तरी समोर आमचीच मागची खिडकी किंवा कठडा दिसतो. हे नकाशात लक्षात आलं नव्हतं.
ग्लेनिसचा फोन आला. सकाळी झाली. लवकर, पण ठीक आहेत. एक मुलगा, एक मुलगी. तिने फोन त्यांच्याजवळ धरला. मांजरीच्या पिल्लांसारखा आवाज.
मी म्हणालो, डेक पूर्ण झाला.
ती म्हणाली, काय?
म्हटलं, डेक.
ती म्हणाली, सेल्विन, बाळं झालीत.
मग फोन तसाच दोघांच्या हातात. इकडे लाफाएलेच्या अंगणात गाणं चालू होतं, तिकडे ती पिल्लं. मी विचारलं, तू जेवलीस का? ती म्हणाली, नाही अजून. आणि रडायला लागली. मला वाटतं रडायलाच लागली. वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नव्हतं.

२६ डिसेंबर, पहाट
निघतोय. कठड्याला रंगाचा शेवटचा हात राहिलाय. राहू दे.

१८ फेब्रुवारी, नेल्सन
घर गेलं. भाव बरा आला. माझ्या मते डेकमुळे. ग्लेनिसचं मत वेगळं आहे.
फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. दुपारी मुलगी माझ्याकडे असते, मुलगा ग्लेनिसकडे. खाली ठेवलं की रडते, घेऊन फिरलं तरी रडते. एका जागी बसून राहावं लागतं. पाठ अवघडते. नियम तिचे आहेत, अर्ज करायची सोय नाही.
आज लाफाएलेचा फोन आला. ती हातावर झोपली होती, म्हणून हळू बोललो. नव्या मालकांनी डेक काढून टाकला. कुत्र्यासाठी गवत हवं होतं त्यांना. मालक आणि त्याचा भाऊ, एका सकाळीत झालं म्हणाला.
मी विचारलं, जड गेलं असेल ना त्यांना?
तो जरा थांबला. मग म्हणाला, फार जड. घाम निघाला त्यांचा. असं पक्कं काम कुणी केलं म्हणून विचारत होते.
हे कळल्यावर बरं वाटलं. एका सकाळीत म्हणाला खरा, पण उन्हाळ्याच्या या दिवसांत सकाळ मोठी असते.