तुमचं तुम्हाला पोचलं

१४ मार्च, दुपारचे तीन

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि लेक, तिघंही खुशाल असाल. मी बरी आहे. टाके ओढून ओढून उजवा अंगठा दुखतो, पण तो बाबांचाही दुखायचा, म्हणून मी त्याला दुखणं म्हणत नाही. सहा वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. एक गंमत झाली आहे, ती सांगायला बसले आहे. गंमत म्हणायची की नाही, ते वाचून झाल्यावर तू ठरव.

आपल्या दुकानाची वेबसाइट आहे, हे तुला माहीत आहेच. एक पाय तोकडा असलेल्या माणसाला मापाचा उंच तळाचा जोडा हाताने करून देणारे आता फार उरले नाहीत. त्यामुळे लांबलांबचे लोक साइटवरचा फॉर्म भरतात. नाव, ईमेल, पत्ता, मापं, चालताना कुठे दुखतं ते. बटण दाबलं की सगळं माझ्या मेलमध्ये येतं. म्हणजे यायला हवं.

तीन आठवड्यांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका काठी टेकत दुकानात आल्या. बसायच्या आधीच सुरुवात केली.

"तीनदा लिहिलं तुम्हाला. उत्तर द्यायचं नसेल तर तो फॉर्म ठेवता कशाला?"

"फॉर्म चालतो हो, बाई. मी दर आठवड्याला तपासते."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

मी त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडला, फॉर्ममध्ये माझंच नाव आणि माझाच ईमेल भरला, बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात मेल हजर. मी ऐटीत पडदा त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचं तुम्हाला पोचलं. माझं कुठंय?"

एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं बघ. बाईंची मापं घेतली, त्यांना चहा पाजला, आणि त्या गेल्यावर मी हातातलं काम बाजूला ठेवून त्या फॉर्मच्या मागेच लागले. मला ओळखतोस ना तू. गिऱ्हाईक लंगडतंय म्हटल्यावर ते कुठून लंगडतंय हे कळेपर्यंत मला घास गिळवत नाही.

आधी स्पॅमचं खोकं बघितलं. त्यात लॉटरीवाले आणि वजन कमी करणारे, बाईंचं काही नाही. साइटवाल्या कंपनीला फोन केला, ते म्हणाले, "आमच्याकडून गेलंय." मेलवाल्यांना विचारलं, ते म्हणाले, "आमच्याकडे आलंच नाही." दोघंही ठाम. मग शेजारच्या शिंपीणबाईंना बोलावलं. त्यांनी त्यांच्या फोनवरून, त्यांचा ईमेल घालून फॉर्म भरला. नाही आला. त्यांच्याच फोनवरून माझा ईमेल घालून भरायला लावला. आला! माझ्या लॅपटॉपवरून त्यांचा ईमेल घातला. नाही आला. शिंपीणबाई कंटाळून म्हणाल्या, "तुमच्या साइटला माझं काय वावडं आहे हो?" पण मला मात्र कोण आनंद झाला. म्हणजे दोष फोनचा नाही, लॅपटॉपचा नाही. फॉर्म भरणाऱ्याच्या ईमेल पत्त्यात काहीतरी आहे.

मी पुन्हा साइटवाल्यांना फोन लावला आणि हे सगळं क्रमाने सांगितलं. या वेळी एक शांत गृहस्थ भेटले. त्यांनी जरा शोधाशोध केली आणि हसलेच.

"ताई, तुमचा फॉर्म लोकांच्या नावाने पत्रं टाकतोय."

"म्हणजे?"

"गिऱ्हाईक आपला ईमेल पत्ता भरतं, आणि फॉर्म तोच पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी लिहितो. मेल निघतो मात्र तुमच्या साइटवरून. घेणारा म्हणतो, नाव एकाचं आणि आलंय भलतीकडून, हे बनावट आहे. देतो फेकून."

"आणि माझा येतो, कारण माझा ईमेलही दुकानाच्या साइटचाच आहे?"

"बरोब्बर. पूर्वी चालून जायचं. गेल्या वर्षी नियम कडक झाले, तेव्हापासून बंद असणार."

दुरुस्ती दहा मिनिटांची. फॉर्मने दुकानाच्या नावाने मेल पाठवायचा, आणि गिऱ्हाइकाचा पत्ता उत्तर द्यायच्या जागी लिहायचा. शिंपीणबाईंचा मेल टुणकन येऊन पडला. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. मग ते गृहस्थ फोन ठेवता ठेवता म्हणाले, "जुनं काही हरवलेलं नाही हां. फॉर्म प्रत्येकाची एक प्रत मागे ठेवतो." आणि ती यादी कुठे उघडायची ते सांगितलं.

न पोचलेले एक्केचाळीस निरोप होते, धाकट्या. त्यात तीन तुझे.

मी ते वाचले. लेकीचा डावा पाय दोन बोटं तोकडा आहे, तयार जोड्यात ती कमरेतून झुकून चालते, हे सगळं तू अगदी परक्या गिऱ्हाइकासारखं लिहिलं आहेस. "कारखान्यात मशीनवरचं सगळं येतं मला, पण असा तळ हाताने चढवणं जमत नाही. ते तुला आणि बाबांनाच यायचं." आणि शेवटच्यात, "ती विचारते, जोडेवाल्या बाई माझ्यावर रागावल्यात का?"

इथपर्यंत सगळं त्या फॉर्मच्या माथी मारता येतं. मीही दोन दिवस तेच केलं. हे पत्र इथेच संपवून पाकीट चिकटवलंही होतं, मग फाडलं.

यादीत तुझे तीन नाहीत, चार आहेत. पहिला सोळा महिन्यांपूर्वीचा, नियम कडक व्हायच्या आधीचा. तो मला पोचला होता. "दारात पाऊल टाकू नकोस म्हणाली होतीस, म्हणून फॉर्म भरतोय." मी उभ्या उभ्या वाचला आणि लॅपटॉप मिटला. तू बाबांचं दुकान सोडून त्या कारखान्यात गेलास, तो राग अजून गेला नव्हता माझा. मनात म्हटलं, गरज असेल तर लिहील पुन्हा. दुसऱ्यांदा आलं की लगेच उत्तर द्यायचं, असं ठरवलं होतं मी. खरंच.

मग दुसरं येईना. म्हणून मी दर आठवड्याला फॉर्म तपासायला लागले. माझं नाव, माझा ईमेल, बटण. दर वेळी लगेच पोचायचं. म्हणजे फॉर्म ठणठणीत आहे, धाकट्यानेच लिहिलेलं नाही. एकदा लिहून गप्प बसला, एवढीच त्याची माया, असं म्हणत मी तुझ्यावर जास्तच चिडत गेले. तू तिकडे लिहीत होतास आणि मी इकडे स्वतःलाच पत्रं टाकत होते. पहिल्यालाच एक ओळ लिहिली असती, तर पोरीचं सोळा महिने झुकून चालणं वाचलं असतं. याची मला लाज वाटते. ते दाराचं वाक्य मी मागे घेते. रागाचंही काही शिल्लक ठेवलेलं नाही.

आता कामाचं. तू पाठवलेली मापं जुनी झाली. पाय वाढला असेल, दोन बोटांचा फरकही बदलला असेल. सोबत दोन जाड कागद घातले आहेत. अनवाणी उभी करून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, पेन्सिल उभी धरून रेघ मार. तोकड्या पायाखाली पुठ्ठे सरकवत जा, कंबर सरळ झाली की थांब आणि पुठ्ठ्यांची जाडी लिहून पाठव. तुला हे शिकवायला नको, तरी लिहिते, कारण मला आता कशाचीच खात्री वाटत नाही.

पण तुला माहीत आहे, चाल बघितल्याशिवाय मी जोडा करत नाही. बाबाही करत नसत. तेव्हा कागद पाठवण्यापेक्षा तिलाच घेऊन ये. दुकान सकाळी नऊला उघडतं. तुम्ही येणार असाल त्या दिवशी मी दुसरं कुणाचं काम घेणार नाही.

आणि निघण्याआधी तिला एवढं सांग, की त्या बाई तिच्यावर कधीच रागावल्या नव्हत्या. आणि त्या नुसत्या जोडेवाल्या बाई नाहीत.

तिची आत्या